३२ बिट की ६४ बिट? रॅम विकत घेण्याआधी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या युनिटांत एक तक्रार हटकून ऐकू येते: पीसीत ८ जीबी रॅम टाकली, तरी मोठी स्टॉकशीट उघडली की एक्सेल मेमरी नाही म्हणून रडतं. मग रॅमवाल्याच्या नावाने खडे फोडले जातात. त्या बिचाऱ्याचा दोष बहुधा नसतोच; अडचण बहुधा एक्सेल ३२ बिटचं असण्यात असते.

प्रोग्रॅम मेमरीतली प्रत्येक जागा पॉइंटरने, म्हणजे पत्त्याच्या आकड्याने ओळखतो. बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक, आठ बिटांचा एक बाइट; म्हणून ३२ बिटचा पॉइंटर ४ बाइटचा. त्यात ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. पत्त्यामागे एक बाइट धरला की झाले ४ जीबी. त्यातले निम्मे पत्ते विंडोज स्वतःकडे ठेवतं, म्हणून साध्या ३२ बिट प्रोग्रॅमच्या हाती २ जीबीच उरतात. रॅम १६ जीबी केली तरी तेवढेच. १९९५ च्या पेन्टियम प्रो प्रोसेसरने ३६ बिटचे पत्ते आणून मशीनला ६४ जीबी रॅमपर्यंत नेलं, पण पॉइंटर ३२ बिटचाच राहिल्याने एकेका प्रोग्रॅमची मर्यादा हलली नाही. २०१६ मध्ये ३२ बिट एक्सेलला थोडी मोकळीक मिळाली: ६४ बिट विंडोजवर ते ४ जीबीपर्यंत जातं.

६४ बिटमध्ये पॉइंटर ८ बाइटचा. नेहमीच्या प्रोसेसरांत त्यातले ४८ बिटच पत्त्यासाठी वापरतात, तरी २५६ टीबी (१ टीबी म्हणजे १०२४ जीबी) होतात आणि आजचं विंडोज त्यातले १२८ टीबी प्रोग्रॅमला देतं. आपल्या स्टॉकशीटला हे जन्मभर पुरेल. मात्र पॉइंटर दुप्पट झाल्याने तोच प्रोग्रॅम जास्त रॅम खातो. २ जीबीच्या जुन्या डब्यावर ६४ बिट लादण्यात अर्थ नाही.

खरी अडचण जुन्या सामानाची. डॉसवरचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टिमवरचा हिशेबाचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही. जॅकार्ड (विणकामातली नक्षी) डिझाइनच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे पीसीला लावायची परवान्याची किल्ली असेल, तर त्याचा ६४ बिट ड्रायव्हर (तो विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम) मिळतो का, हे विक्रेत्याला आधी विचारा. एक्सेलचे ३२ बिट अ‍ॅड-इनही (एक्सेलला जोडायचे जादा प्रोग्रॅम) ६४ बिट एक्सेलमध्ये चालत नाहीत.

माझं मत: ऑफिसच्या पीसीवर विंडोज आणि एक्सेल दोन्ही ६४ बिट घ्या. जुन्या प्रोग्रॅमपुरता एक जुना पीसी ३२ बिटवरच ठेवा, नेटला न जोडता. रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडून एक्सेलच्या नावापुढे ३२ बिट लिहिलंय का ते बघा. आणि ३२ बिट विंडोजवरून ६४ बिटवर सरळ अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं; तेव्हा हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर आधी घ्या.