पाचपाखाडीतील नेत्ररुग्णालय: कपाळावर नागीण उठलेल्यांसाठी

कपाळावर किंवा पापणीवर नागीण उठली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांइतक्याच तातडीने नेत्रतज्ज्ञांकडेही जावे, आणि ठाण्यात राहणाऱ्यांनी त्यासाठी पाचपाखाडीतील या छोटेखानी नेत्ररुग्णालयाचा जरूर विचार करावा, असे माझे मत आहे. सासूबाईंच्या कपाळाच्या उजव्या बाजूस पुरळ उठले तेव्हा सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींनी नागीण उतरवून घेण्याचा आणि गेरूचा लेप लावण्याचा सल्ला दिला होता. विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती शिकल्यासवरल्या घरांतही टिकून आहे. वास्तविक हे पुरळ बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबते.

येथील डॉक्टरांनी डोळ्याआधी नाकाचा शेंडा पाहिला, ही गोष्ट मला विशेष वाटली. शेंड्यावर दोन बारीक फोड होते. नाकाच्या त्या भागाला आणि डोळ्याच्या आतील भागांना एकाच नसेचे तंतू जातात, त्यामुळे तेथे फोड आल्यास डोळ्याला सूज येण्याची शक्यता बरीच वाढते, हे त्यांनी सासूबाईंना आरसा देऊन समजावले. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झाली की नागिणीच्या रूपाने पुन्हा डोके वर काढतो, हेही त्यांनी घाई न करता सांगितले.

तपासणी कसून झाली. डोळ्यात रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात कॉर्नियावरील, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणावरील, व्रण शोधले, डोळ्यातील दाब मोजला, बाहुली मोठी करून पडदा पाहिला. त्याआधी कापसाचे पिंजलेले टोक कॉर्नियाला हलकेच लावले, तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी झटकन मिटली, उजव्याची मात्र जेमतेम हलली. संवेदना कमी झालेल्या डोळ्याला जखम झाली तरी ती दुखत नाही आणि चिघळू शकते, म्हणून दुखत नाही या कारणाने फेरतपासणी चुकवू नये, अशी ताकीद त्यांनी तेथेच दिली. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या उत्तम. तरीही मधुमेह असल्यामुळे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे पाहण्यासाठी त्याच दिवशी रक्तातील क्रिएटिनिन तपासून मगच व्हॅलासायक्लोव्हिर या विषाणूविरोधी गोळीची मात्रा ठरवली. स्टेरॉइडचे थेंब औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नयेत किंवा मनाने बंद करू नयेत, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले होते.

या रुग्णालयाचे खरे मोल नंतर कळले. खपल्या पडल्या, चेहरा स्वच्छ झाला, आणि घरात सगळ्यांना आजार संपल्यासारखे वाटू लागले. पण ठरलेल्या फेरतपासणीत डोळ्याच्या आत सूज आणि वाढलेला दाब आढळला. बाहेरून डोळा किंचित लाल होता, इतकेच. दाब वेळीच आटोक्यात आला आणि नजर शाबूत राहिली.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. दिलेली वेळ नावापुरतीच असते. प्रतीक्षाकक्षात बाहुली मोठी केलेल्या वृद्धांना थेट ट्यूबलाइटखाली बसवतात. पडद्याच्या स्कॅनचे वेगळे शुल्क आम्हाला तो झाल्यावर समजले. फोन तर सहसा कोणी उचलतच नाही, त्यामुळे शंका विचारायलाही प्रत्यक्षच जावे लागते. वैद्यकीय बाजू इतकी चोख असताना व्यवस्थापनाने एवढी ढिलाई का ठेवावी, हे अनाकलनीय आहे.

नागिणीच्या लशीविषयी आम्ही आपणहून विचारले. २०२३पासून भारतात मिळू लागलेली शिंग्रिक्स ही लस पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी असून तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. चालू आजारावर तिचा उपयोग नाही, तो पूर्ण ओसरल्यावर फॅमिली डॉक्टरांशी बोलून ठरवा, असे स्पष्ट उत्तर मिळाले. लस घेण्याचा आग्रह झाला नाही, हेही नमूद करायला हवे.

जाणाऱ्यांनी शनिवारची संध्याकाळ टाळावी, रुग्णासोबत कोणीतरी असावे, आणि थेंबांनंतर दुपारच्या उन्हात रिक्षा शोधावी लागते, म्हणून काळा चष्मा घरूनच न्यावा.