पहिली कादंबरी ई-बुक: पॅकेज घ्यायचं की स्वतः बसायचं?

कादंबरी लिहून झाली आहे, प्रकाशकांकडे पाठवलेल्या हस्तलिखिताला ना होकार ना नकार, तेव्हा निदान ई-बुक तरी काढू, इथवर आलेल्यांसाठी हे लिहितोय. किंडल म्हणजे काय, ई-पब फाइल म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. त्यापुढचा प्रश्न असा की सेल्फ-पब्लिशिंगची सेवा देणाऱ्या एखाद्या कंपनीचं पॅकेज घ्यावं, की फाइल स्वतः बनवून आपल्याच खात्यावरून चढवावी. माझी पहिली कादंबरी पॅकेजमधून आली आणि दुसरी मी स्वतः केली, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगता येईल. सर्वेक्षण वगैरे काही केलेलं नाही. माझ्या वाट्याला जे आलं तेवढंच.

प्रतिलिपीवर भाग टाकत जाणं किंवा ई-साहित्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी पुस्तक मोफत देणं या वाटाही चांगल्या आहेत, पण त्यांचं गणित निराळं. तिथे पैसे नंतर, वाचक आधी. इथे मी विकायच्या पुस्तकाबद्दल बोलतोय.

पॅकेजची बाजू आधी मांडतो, कारण ती हल्ली जरा जास्तच झोडपली जाते. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला संध्याकाळचे दोन तास मिळतात. त्यात मुखपृष्ठ, मांडणी, खातं, करांचे फॉर्म हे सगळं बसवणं जिवावर येतं. पॅकेज घेतलं की फोनवर एक माणूस असतो, तो 'सर, काळजी करू नका' म्हणतो, आणि पहिल्या पुस्तकाच्या वेळी ते ऐकायला बरं वाटतं. मुखपृष्ठ त्यांच्या चित्रकाराने खरोखर छान केलं होतं. माझ्याच्याने तसं झालं नसतं. शिवाय थोड्या छापील प्रतीही मिळाल्या. मामा-मावशींना ई-बुकची लिंक पाठवली तर ते अंगठ्याची इमोजी पाठवून मोकळे होतात, हातात प्रत दिली तर निदान पानं तरी उलटतात. छापील प्रती हव्याच असतील तर एकट्या किंडलवर भागणार नाही, हे ध्यानात असू द्या.

आता पैशाचं. आकडा सांगत नाही, कारण तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. पण पॅकेजच्या यादीतली कलमं सुटी करून बघा. 'आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) समाविष्ट' असं ठळक लिहिलेलं असतं. भारतात आयएसबीएन दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी देते, फुकट देते, आणि लेखक स्वतःच्या नावानेही ऑनलाइन अर्ज करू शकतो. नुसतं ई-बुक असेल तर त्याचीही सक्ती नाही. किंडलवर अ‍ॅमेझॉनचा स्वतःचा क्रमांक पडतो, गूगल प्ले बुक्सवर गूगलचा. 'कॉपीराइट नोंदणी' हे दुसरं कलम. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक आहे. तिसरं म्हणजे '१०० टक्के रॉयल्टी'. हे शंभर टक्के दुकानाने आपला वाटा कापल्यावर जे उरतं त्याचे असतात. यात फसवाफसवी आहे असं म्हणत नाही. सोय विकत घ्यायला हरकत नाही, फक्त आपण सोय विकत घेतोय हे माहीत असावं.

इथपर्यंत मला दोन्ही पारडी जवळजवळ सारखीच वाटत होती. ज्या गोष्टीने मला दुसऱ्या बाजूला ढकललं ती फार क्षुल्लक दिसेल: दुरुस्ती.

माझी कादंबरी कोयनेच्या खोऱ्यात घडते. साहजिकच तिच्यात पानोपानी दऱ्या आहेत, आणि ई-बुकमध्ये त्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता. 'पावसाळ्यात दर्या धुक्याने भरून जातात.' एका वाचकाने फोन करून अगदी गंभीरपणे विचारलं की कथा कोकणात कधी उतरली. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'सुऱ्या'च्या 'सुर्या', शेवटच्या प्रकरणातल्या 'पायऱ्या'सुद्धा गेल्या. वर्डमध्ये मी दिलेल्या फाइलीत सगळं नीट होतं, मग हे आलं कुठून?

आलं असं की कंपनीने आधी छापील पुस्तकाची मांडणी केली, तीही जुन्या, युनिकोड (मोबाइल-संगणकावर सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये. मराठी डीटीपीत हे अजूनही सर्रास चालतं आणि छपाईला त्याने काही बिघडत नाही. मग त्याच मजकुराचं पुन्हा युनिकोड करून ई-बुक बनवलं. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने हे न दिसणारं चिन्ह कचरा समजून टाकलं की अर्ध्या रकाराचा रफार होतो आणि तो 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याला ते पटकन खटकतही नाही, कारण 'दर्या' हाही शब्द आहेच.

चूक होणं मी समजू शकतो. पुढे जे झालं त्याचा मात्र वैताग आला. पॅकेजमध्ये दुरुस्तीच्या फेऱ्या ठरलेल्या होत्या आणि त्या छापील प्रतीच्या मुद्रितांवर संपल्या होत्या. ई-बुकमधल्या दुरुस्त्यांची यादी करून पाठवा म्हणाले. रिफ्लो होणाऱ्या पुस्तकात यादी करायची कशी? पान क्रमांकच नसतात. माझ्या मोबाइलवरचं पान तुमच्या टॅबवर भलतीकडेच असतं. प्रकरण, परिच्छेद, ओळ अशी एक्सेल फाइल केली. त्यातल्या काही दुरुस्त्या झाल्या, काही राहिल्या, एका ठिकाणी नवीनच चूक शिरली. त्यापुढच्या बदलांना वेगळे पैसे. मी म्हटलं, मला ई-पब फाइल द्या, मी स्वतःच शोधून बदलतो. तर ती फाइल 'प्रॉडक्शन फाइल' निघाली, म्हणजे द्यायची नसते अशी. किंडलवरचं खातंही कंपनीच्या नावावर होतं. म्हणजे पुस्तक माझं, कॉपीराइट माझा, पण एक अक्षर बदलायचं तर ईमेल करून वाट बघायची.

एवढ्यावरून सगळ्या कंपन्यांबद्दल मत बनवणं बरोबर नाही. युनिकोडमध्येच मांडणी करणारे आणि फाइल आनंदाने देणारेही लोक आहेत. तुम्हाला तसे भेटले तर माझा अर्धा मुद्दा बाद.

दुसऱ्या कादंबरीचं काम मी स्वतः केलं. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली, पण काम मुळात किचकट नाही, चेंगट आहे. वर्डमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १' ही शैली लावायची, म्हणजे अनुक्रमणिका आपोआप बनते. परिच्छेदासाठी स्पेस आणि टॅब मारायचे नाहीत, ओळी सोडायला एंटरवर एंटर दाबायचे नाहीत. मग कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरमधून ई-पब काढायची. ई-पब म्हणजे वेबपानांचं गाठोडंच. सिजिल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर आतला मजकूर दिसतो, शोधून बदलता येतो. सगळ्या दऱ्या एका झटक्यात दुरुस्त होतात. (या वेळी त्या बिघडल्याच नव्हत्या, तरी शोधून पाहिल्या.)

दोन बारकावे आधी कुणी सांगितले असते तर वेळ वाचला असता. एक, फाइलीत भाषा 'मराठी' अशी नोंदवा. बऱ्याच देवनागरी फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. 'मुक्त' (Mukta) नावाच्या फाँटासारख्या फाँटात मराठी वळण आहे, पण भाषा मराठी आहे हे त्याला कळलं तरच ते दिसतं. हा 'मुक्त' फाँट मुक्तपरवान्याचा आहे, पुस्तकात घालायला अडचण नाही. दोन, अक्षरांना काळा रंग मुद्दाम देऊ नका. वर्डमधून तो नकळत येतो, आणि रात्री काळ्या पार्श्वभूमीवर वाचणाऱ्याला काळ्यावर काळं दिसतं, म्हणजे काहीच दिसत नाही. किंडल प्रिव्ह्यूअरमध्ये तपासाच, पण एकदा साध्या, स्वस्तातल्या मोबाइलवर अक्षर मोठं करूनही पाहा. आपला वाचक बहुतेक करून तिथेच वाचतो.

मुखपृष्ठ मात्र स्वतः करू नका. चित्रकाराला पैसे द्या. केडीपीला (किंडलवर पुस्तक चढवायची अ‍ॅमेझॉनची सेवा) २५६० पिक्सेल उंच आणि १६०० रुंद चित्र चालतं, पण खरी परीक्षा ते फोनवर टपाल तिकिटाएवढं झाल्यावर होते. नाव तेव्हाही वाचता आलं पाहिजे. मुद्रितशोधकही पैसे देऊन नेमा, पॅकेज घेतलंत तरी. आपलं लिखाण आपल्याला तपासता येत नाही, डोळे लिहिलेलं वाचतच नाहीत, आठवलेलं वाचतात. संवादात बोली असेल तर कुठे हात लावायचा नाही हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सातारचा म्हातारा पुण्याच्या आकाशवाणीसारखा बोलायला लागतो.

केडीपीवरच्या खात्याची भीती फार असते, ती अनाठायी आहे. पॅन आणि बँकेचा तपशील लागतो. अमेरिकेचा एक कर-फॉर्म भरावा लागतो, त्यात पॅन देऊन भारत-अमेरिका करार निवडला की तिथल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के कापतात. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. सात कळशब्द (शोधासाठीचे कीवर्ड) देता येतात. त्यात पुस्तकाचं आणि तुमचं नाव रोमन लिपीतही टाका, कारण मराठी पुस्तक शोधणारा माणूस बऱ्याचदा इंग्रजी अक्षरांतच टाइप करतो.

किंडल की गूगल यावर वेगळं लिहावं लागेल. थोडक्यात सांगायचं तर, किंडलवर भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, आणि तिथे ९० दिवस ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा नाही. हे ७० टक्के काढण्याआधी किमतीतून फाइलीच्या आकारानुसार दर एमबीमागे ७ रुपये वजा होतात, तेव्हा पुस्तकात उगाच मोठी चित्रं कोंबू नका. सिलेक्टमध्ये नसलात तर ३५ टक्के, पण गूगल, बुकगंगा सगळी दारं उघडी. पहिल्या पुस्तकाला मी तरी पहिले तीन महिने सिलेक्टमध्ये राहीन, कारण किंडल अनलिमिटेडवाले (वर्गणी भरून वाचणारे) वाचक अनोळखी लेखकाचं पुस्तक फुकट असल्यासारखं उघडून बघतात. मुदत आपोआप वाढते, त्या पर्यायापुढची खूण काढून ठेवा.

आणि खातं आपलं असण्याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता: वाचलेल्या पानांचा तक्ता रोज दिसतो. पॅकेजवाल्या पुस्तकाचा हिशेब तिमाहीला एका ओळीत यायचा. इथे एखाद्या दिवशी अचानक जवळजवळ पूर्ण पुस्तकाएवढी पानं वाचलेली दिसतात. कोणी एकाने बसल्या बैठकीला संपवलं की चौघांनी थोडं थोडं वाचून सोडलं, ते कळायला मार्ग नाही. मी सोयीचा अर्थ लावतो. पुढे कुणी चूक कळवली तर त्याच रात्री दुरुस्त फाइल चढवतो. ७२ तासांच्या आत ती दुकानात येते. आधी विकत घेतलेल्यांकडे ती आपोआप पोहोचेलच असं नाही, तेवढी उणीव आहे.

ज्याच्याकडे संगणक नाही, ज्याला मुख्यतः छापील प्रती आणि प्रकाशन समारंभ हवा आहे, किंवा ज्याचं वर्डशी हाडवैर आहे, त्याने खुशाल पॅकेज घ्यावं. फक्त पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. खातं कुणाच्या नावावर असेल? प्रकाशनानंतरच्या दुरुस्तीचे किती? आणि अंतिम ई-पब मला मिळेल का? करारात मुदत आहे का तेही बघा. हक्क लिहून दिले असतील आणि मुदत घातलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते, आणि पहिल्या कादंबरीला ५ वर्षं पुष्कळ झाली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मनासारखी नसली तरी घासाघीस करता येते. ई-पब देणार नाही म्हणाले, तर मी तरी तिथून उठेन.