बी८५० चिपसेट: ओव्हरक्लॉकिंगसाठी पुरेसा
एएमडीच्या बी८५० चिपसेटच्या (मदरबोर्डची नियंत्रक चिप) बोर्डवर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही ओव्हरक्लॉक होतात, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येतात. बी८४० वर मात्र फक्त रॅम, तेव्हा घेताना खोक्यावरचा आकडा नीट वाचा. एएमडीच्या रायझन ९००० प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेगाला बांधून ठेवण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरला स्वतःहून वेग वाढवू देणारी सोय, चालू करा, आणि कोअरचं व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १५ पासून सुरू करा. हा आकडा फार ताणला तर पीसी बहुतेकदा गेममध्ये नव्हे, नुसता बसलेला असताना रीस्टार्ट होतो. हलक्या कामात एखादाच कोअर कमाल वेगाला जातो आणि व्होल्टेज अपुरं पडतं. रॅमच्या ६००० एमटी/से वेगाच्या दोनच पट्ट्या लावा, चार लावल्या की वेग पडतो. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणारं) १.३ व्होल्टच्या वर नको. एक्स८७० या वरच्या चिपसेटचे जादा पैसे यूएसबी४ (वेगवान यूएसबी) हवं असेल तरच.