ऑर्किडचं बी म्हणून नेच्याचे बीजाणू विकले, 5,850 रुपये गेले

एरिसिना पुसिल्ला या ऑर्किडच्या बियांच्या नावाखाली मला नेच्याचे (फर्नचे) बीजाणू विकले गेले. कुपीचे 2,350 आणि नंतर रोपं विरळ करून देतो म्हणून उकळलेले 3,500. रंगीत पाकिटातल्या ‘निळ्या ऑर्किडच्या 100 बिया’ कुणीही ओळखतं, कारण ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, मोजून विकताच येत नाही. इथे मात्र विकणाऱ्याला विषय पक्का ठाऊक होता. जातही नेमकी हेरलेली: चपट्या पानांचा इवलासा पंखा, पिवळी फुलं, आणि वर्षभरात बाटलीतच फुलू शकणारी. बियांपासून सुरुवात करणारे हीच मागतात.

पेरणीत खोट नव्हती. अर्ध्या ताकदीचं एमएस माध्यम (बाटलीत बी उगवण्यासाठीचं पोषक मिश्रण), लिटरला 20 ग्रॅम साखर, ते घट्ट करायला 7 ग्रॅम अगार, पीएच 5.6, प्रेशर कुकरमध्ये 15 पाउंड दाबावर 20 मिनिटं. बी 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, साबणाच्या एका थेंबासह 10 मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने धुवून बाटलीत.

खटकायला हवं होतं ते नेमकं या 10 मिनिटांत. ऑर्किडच्या बीच्या आवरणात हवा असते. द्रावणात टाकलं की ते वर तरंगतं, काचेला चिकटतं, हलवून हलवून भिजवावं लागतं. ही तपकिरी भुकटी टाकताक्षणी तळाशी गेली. माझ्या डोळ्यांसमोर गेली! साबणामुळे लवकर भिजली असेल असं वाटलं, आणि तसं वाटण्यात गैर काही नव्हतं. नीट भिजलेलं चांगलं बीही शेवटी बुडतंच. पण टाकताक्षणी नाही. तेव्हाच चिमूटभर स्लाइडवर घेऊन 100 पट मोठं करून पाहायला हवं होतं. ऑर्किडचं बी लांबट, आवरण जाळीदार, पारदर्शक, आणि मध्ये अंडाकृती गर्भ. नेच्याचा बीजाणू गोल किंवा घेवड्याच्या दाण्यासारखा, गडद, आत काहीच दिसत नाही. कुपी हातात आली की आधी हे पाहा, मगच माध्यम शिजवा.

हा डाव चालतो कारण ब्लीचमधून नेच्याचे बीजाणू तगतात आणि त्याच माध्यमावर उगवतात. बाटली हिरवी होते. फोटो पाठवल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, “प्रोटोकॉर्म (ऑर्किडच्या बीतून आधी येणारे हिरवे गोळे) छान आलेत, दाटी झालीय, विरळ करून देतो.” तिथे 3,500 गेले. सुरुवातीला दोन्हींचे हिरवे ठिपकेच दिसतात, फोटोवरून भलेभले फसतील. पुढे मात्र फरक लपत नाही: प्रोटोकॉर्म जाड, गोलसर, वरच्या टोकाला पानाचा कोंब, नेच्याचा प्रोथॅलस, म्हणजे बीजाणूतून आधी येणारा हिरवा पापुद्रा, पातळ, चपटा, हृदयाच्या आकाराचा. कोंब दिसेपर्यंत कुणालाही पुढचा पैसा देऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. विक्रीच्या संकेतस्थळाचं उत्तर: परत करण्याची मुदत 7 दिवस. अरे, ऑर्किडचं बी फुगून हिरवं व्हायलाच कित्येक आठवडे लागतात, 7 दिवसांत कुणी काय सिद्ध करायचं? पैसे पाठवणाऱ्या अ‍ॅपने ‘वस्तू पोहोचली आहे’ म्हणून तक्रार बंद केली. पोलीस ठाण्यात उलट मलाच विचारलं, “उगवलंय ना? मग फसवणूक कसली?” स्लाइडचे फोटो दाखवले, कुणी पाहिलेही नाहीत. कृषी कार्यालयात गेलो तर म्हणे शोभेच्या झाडांचं आमच्याकडे येत नाही. मग येतं कुणाकडे? रक्कम लहान म्हणून गुन्हाही लहान, आणि तो माणूस हे पुरतं ओळखून आहे.

उरलेली भुकटी टाकू नका, कोरडी ठेवा, तोच पुरावा. ‘खोलीच्या तापमानाला दोन वर्षं टिकतं’ असं सांगणाऱ्याकडून बी घेऊच नका. ऑर्किडचं बी कोरडं करून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. शक्य तर न उकललेलं हिरवं बोंड मागा. ते बाहेरून निर्जंतुक करून स्वतः कापता येतं, आत काय आहे ते समोर दिसतं. माझ्या विक्रेत्याचं खातं अजून चालू आहे. कुपी तीच, फक्त आता फोटो हॅरेला रेट्रोकॅला या दुसऱ्या ऑर्किडचा लावलाय.