फॅमिली लिंक ॲप, सात महिने वापरून

पोरगा आठवीत आहे, क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात म्हणून फोन हातात दिला आणि दोन महिन्यांत रात्री साडेबारापर्यंत रील्स, सकाळी उठवताना रोज कटकट. शेवटी गुगलचं फॅमिली लिंक टाकलं, म्हणजे आई-बापांनी पोराच्या फोनला वेळेची मर्यादा घालायचं ॲप. फुकट आहे.

आधीच सांगते, मूल 13 पूर्ण झालेलं असेल तर त्याची संमती असल्याशिवाय हे चालू करता येत नाही. मला ते अडचणीचं वाटलेलं, पण त्यामुळेच आम्ही दोघं शेजारी बसून वेळा ठरवल्या, शाळेच्या दिवशी दीड तास, रविवारी तीन, इन्स्टाला वेगळी 30 मिनिटं, रात्री 10 ला लॉक. लॉक झाला तरी आलेला कॉल उचलता येतो, त्यामुळे क्लासहून उशीर झाला तर जिवाला घोर नाही. प्रोजेक्ट असेल तर त्या दिवसापुरता बोनस टाइम देता येतो, फक्त पहिले पंधरा दिवस "आई दहाच मिनिटं" करून तो खूप मागे लागतो, तेवढं सोसायचं.

कोण काय मेसेज करतं ते यात दिसत नाही, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला तेवढंच दिसतं, म्हणजे कोणी पोरं त्रास देत असतील तर ते बोलूनच कळणार. आणि दुसऱ्याच्या फोनचं काय? एका रात्री पाणी प्यायला उठले तर गोधडीखाली उजेड, सासूबाईंचा फोन घेऊन आवाज बंद करून रील्स बघत होता. ओरडवलंच नाही मला, रडू आलं.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या कडेगावकडचं. तिथल्या मोहित्यांचे वडगावात 2022 च्या ऑगस्टपासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. त्यावरून लक्षात आलं की ॲपने पोराचाच फोन लॉक होतो, आम्हा तिघांचे सुरूच. आता 7 ते साडेआठ चारही फोन कपाटावरच्या स्टीलच्या डब्यात. ह्यांनी आठवडाभर कुरकुर केली, ऑफिसचा फोन आला तर म्हणून, पण ठेवतात.

ॲपला पाचपैकी चार स्टार, टाका नक्की, पण पोराला शेजारी बसवून. परवा पावणेनऊ झाले तरी डबा कोणी उघडला नव्हता, आजी-नातवाचा पत्त्यांचा डाव रंगलेला.