पुढचे शॉक घरीच बदलले, आता काही महिने चालवून झाल्यावर लिहितोय

गाडीचे पुढचे दोन्ही स्ट्रट (शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग असा एकत्र जोड) घरी बदलून आता बरेच महिने झाले, खड्डे, हायवे, घाट, भर पाऊस सगळं झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. नवीन पार्ट टाकल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच गाडी विमानासारखी वाटते, त्याला काही अर्थ नसतो.

निकाल आधीच सांगतो. गाडी एकदम टाइट झालीय, पण ती नुसत्या शॉकमुळे झालेली नाही. अर्धं श्रेय वरच्या टॉप माउंटला (स्ट्रटचं वरचं टोक गाडीच्या बॉडीला जोडणारा रबरी भाग) आणि त्यातल्या बेअरिंगला आहे, आणि बहुतेक जण पैसे वाचवायला नेमकं तेच जुनं परत बसवतात.

आधी काय होत होतं तर ब्रेक मारला की नाक खाली, स्पीडब्रेकर उतरला की गाडी एकदा बसून गप्प व्हायच्या ऐवजी झुलत राहायची, आणि टायरवर हात फिरवला तर उंचसखल लागायचं. डाव्या स्ट्रटवर तेल ओघळून त्यावर धूळ बसून काळा थर झाला होता. हलकी ओलसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते, ओघळ मात्र नाही चालत. आणि ती बॉनेट दाबून सोडायची टेस्ट सगळे सांगतात ना, तिच्यावर फार विसंबू नका, अर्धवट गेलेला शॉक त्यात आरामात पास होतो. अजून एक, 'गाडी खाली बसलीय म्हणजे शॉक गेले' हे पण खरं नाही, गाडीचं वजन उचलून धरायचं काम स्प्रिंगचं, शॉकचं काम ती स्प्रिंग नाचत राहू नये एवढंच.

आता टॉप माउंटचं. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे माझ्या गाडीत पुढे आहे तो प्रकार, त्यात स्टेअरिंग फिरवलं की आख्खा स्ट्रट स्प्रिंगसकट फिरतो, वरचं बेअरिंग त्याला फिरू देतं. ते जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते, पार्किंगमध्ये स्टेअरिंग फुल काटताना 'टण्ण' होतं ते हेच. भावाकडे सेम मॉडेल आहे, त्याने शॉक नवीन टाकले आणि माउंट 'अजून चांगले आहेत' म्हणून जुनेच ठेवले. पुढे महिन्याभरात आवाज सुरू आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ यायला तयार नाही, शेवटी सगळं परत उघडावं लागलं. माउंट काढल्यावर बेअरिंग हातात धरून फिरवून बघा, चांगलं असेल तर गुपचूप फिरतं, गेलेलं असेल तर वाळू भरल्यासारखं करकरतं. पण काम तेच, मेहनत तीच, सरळ नवीन टाका, सोबत बंपस्टॉप (शॉक पूर्ण दाबला गेला की धक्का झेलणारं रबर), डस्ट कव्हर आणि स्प्रिंगखालचं रबर पण.

प्रत्यक्ष काम अवघड नाहीये, कंटाळवाणं आहे. पुढची दोन्ही चाकं एकदम वर घ्या आणि स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. दोन्ही का, तर एकच बाजू उचलली की अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजू जोडणारा दांडा) पिळलेला राहतो आणि त्याला स्ट्रटशी जोडणारा लिंक रॉड ना निघत ना बसत. ह्या लिंक रॉडच्या नटनेच माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, गंजलेला असला की नट फिरतो आणि त्याच्यासोबत आतला बॉलचा खिळापण फिरतो, म्हणजे तुम्ही पाना मारत बसा, नट आहे तिथेच. खिळ्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असते किंवा मागे पाना धरायला चपटी जागा असते, तिथे धरून नट सोडवायचा. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवलं तर निम्मा त्रास वाचतो.

मग ब्रेक पाइपची क्लिप, एबीएसची वायर, आणि नकलचे (चाकाचा हब धरणारा जाड लोखंडी भाग) दोन जाड बोल्ट. ह्या बोल्टांच्या दांड्यावर बऱ्याच गाड्यांत बारीक दाते असतात जे नकलमध्ये रुतून बसतात, तर डोकं धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नट, उलटं केलं की भोक खराब. सोडायच्या आधी बोल्टची आणि नकलची जागा खुणेने मार्क करून ठेवा. बोल्ट निघाले की नकल बाहेर झुकतो, त्याला तारेने वर बांधून ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेक पाइपवर येतो आणि ओढ बसून ॲक्सलचा आतला जॉइंट निसटू शकतो. वरचे तीन नट सगळ्यात शेवटी, एका हाताने स्ट्रट धरून. मधल्या मोठ्या नटला गाडीवर असताना हात लावायचा नाही, स्प्रिंग अजून दाबलेली असते.

इथून पुढे मस्करी नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो, जीव पण जाऊ शकतो. हुकवाले कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) वापरणार असाल तर दोन्ही बरोबर समोरासमोर लावा, थोडं ह्याला थोडं त्याला असं हाताने आवळत जा, इम्पॅक्ट गन नको, आणि स्प्रिंग तिच्या सीटवर (ज्या बशीवर ती टेकते) ढिली झालेली हाताला कळल्याशिवाय मधला नट सोडू नका. खरं सांगू का, मी हा भाग गॅरेजमधल्या फिक्स कंप्रेसरवर करून घेतला, खोललेले स्ट्रट नेले आणि जोडलेले परत आणले. त्यात कसला कमीपणा? स्प्रिंग, माउंट सगळं जोडून तयार मिळणारा स्ट्रट तुमच्या गाडीला मिळत असेल तर तो घ्या, जास्त पैसे लागतात पण हा सगळा प्रकारच टळतो.

जोडताना तिथे उभं राहून बघितलं की स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या पायरीला नीट टेकलंय का. आणि शॉकचा चकचकीत रॉड पकडीने धरू दिला नाही, त्यावर ओरखडा उठला की तो सील कापतो आणि नवाकोरा शॉक गळायला लागतो.

वापराचं म्हणाल तर सुरुवातीला कडक वाटली, बारीक खड्डे जास्त जाणवायचे, नंतर सील रुळले तसं ते गेलं. ब्रेकला नाक खाली जाणं जवळजवळ बंद, हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना स्टेअरिंग सारखं सांभाळावं लागत नाही. अलाइनमेंट लगेच केलं, खुणा करूनसुद्धा स्टेअरिंग थोडं तिरकं बसलं होतंच, कॅम्बर (चाकाचा उभा कल) जरा हलला की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) पण हलतो. थोडं चालवून झाल्यावर सगळे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) परत तपासले, आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या, दुसऱ्या गाडीचे नको.

तक्रार एकच, नवीन डस्ट कव्हर फारच पातळ निघाले, उजव्या बाजूचं खाली घसरून रॉड उघडा पडला होता, आता वर सरकवून केबल टायने बांधलंय. रस्त्याचा आवाज काही कमी झाला नाही, तो टायरचाच होता, जुने उंचसखल टायर शॉक बदलून गुळगुळीत होत नाहीत.

आणि पुढचं टाइट झाल्यावर मागचं किती ढिलं आहे ते आता कळायला लागलंय, स्पीडब्रेकरवर पुढचं शांत उतरतं आणि मागची सीटवाली मंडळी उडतात. माझ्या गाडीत मागे शॉक आणि स्प्रिंग वेगवेगळे आहेत, कंप्रेसरची भानगड नाही, तेव्हा ते पूर्ण काम घरीच करणार आहे.