खोटी ‘गिब्सन’ की खरी एपिफोन?

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या मुलांना लेस पॉल, म्हणजे गिब्सन या अमेरिकन कंपनीची प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार, हवी असते. खरी गिब्सन लाखाच्या पुढे जाते, मग ऑनलाइन ‘गिब्सन’ नाव छापलेली स्वस्त गिटार खुणावते. जवळपास तेवढ्याच पैशांत एपिफोनची साधी लेस पॉल येते. एपिफोन 1957पासून गिब्सनच्याच घरची आहे, त्यामुळे आकार आणि नाव दोन्ही हक्काचे.

नुसता आकार सारखा असला म्हणजे चोरी झाली, असे मात्र नाही. 2005मध्ये लेस पॉलच्या आकारावरून चाललेल्या खटल्यात अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने गिब्सनविरुद्ध पीआरएस या दुसऱ्या गिटार कंपनीच्या बाजूने निकाल दिला. 2009मध्ये फेंडर या आणखी एका अमेरिकन गिटार कंपनीला तिथे आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या बॉडीचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवता आला नाही. नाव चोरणे वेगळे. आपल्या 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

सुट्या भागांतही हाच फरक. सुटे भाग बनवणारी वॉरमॉथ कंपनी फेंडरच्या परवान्याने नेक (गिटारची मान) बनवते, पण त्यावर फेंडरचे नाव टाकत नाही. तोच नेक लोगो चिकटवून ‘ओरिजिनल’ म्हणून विकला की फसवणूक झाली.

गिटार हातात घेतल्यावर ट्रस रॉडचे, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या दांड्याचे, झाकण बघा. खऱ्या गिब्सनवर दोन स्क्रू असतात, नकलेवर बऱ्याचदा तीन. आत रॉड कच्चा निघाला, तर पावसाळ्यानंतरच्या कोरड्या थंडीत वाकलेला नेक सरळ करताच येत नाही, आणि वॉरंटी मागायची कोणाकडे? माझे मत ठाम आहे: एपिफोन घ्या, बिल घ्या, सिरीयल नंबर जुळवून पाहा.